चौतीस पायऱ्या

"ताई, ह्या चपलंत खिळा हुता. आरपार."

सातपुते काकांनी माईंची तपकिरी सँडल उलटी करून माझ्यासमोर धरली. मंडईच्या कोपऱ्यावर, रसवंतीला लागून त्यांची टपरी होती. मी सँडल टाकली होती ती फक्त बक्कल बदलायला.

"ह्यो बघा." त्यांनी चिमट्यात खिळा धरला. "रस्त्यावरनं घुसलाय. तळातनं वर आलावता, तांदळाच्या दाण्याएवढा. टोक कसं चकाकतंय बघा, घासून घासून. एका दिवसाचं काम न्हाई हे. कोन घालतंय ही?"

"सासूबाई."

"मग त्यास्नी लागत न्हाई व्हय?"

माझ्या कडेवर रेवा होती, अडीच वर्षांची. काकांच्या डब्यातल्या चकचकीत रिबिटांकडे तिचा हात जात होता आणि मी तिची मूठ उघडून बघत होते, एखादं उचललं नाही ना, तोंडात नाही ना घातलं. काकांकडे माझं अर्धंच लक्ष होतं.

"त्यांचे पाय दणकट आहेत हो," मी म्हणाले. "पोस्टात नोकरी केलीय, तीस वर्षं चालत जाऊन."

"दणकट पायाला बी खिळा कळतोय, ताई. घरी गेल्यावर त्यांचं तळवं बघा एकदा."

"बघते," मी म्हणाले. सँडल पिशवीत टाकली. घराच्या जिन्यात रेवाचा एक बूट निसटला, तो शोधताना तिचं नाक कठड्यावर आपटलं आणि पुढचा तासभर मी त्या नाकावर बर्फ धरून बसले. काकांचं बोलणं तिथेच जिन्यात राहिलं.

याला आता सहा वर्षं झाली. आम्ही तेव्हाही कराडलाच, याच दुसऱ्या मजल्यावरच्या घरात राहत होतो. निनादची, माझ्या नवऱ्याची, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी. हंगाम सुरू झाला की तो घरी असून नसल्यासारखा. मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली, रेवा झाल्यावर नोकरी सोडलेली. हाताला प्रयोगशाळा नव्हती, म्हणून मुलीवरच नोंदी करायचे. किती दूध, किती झोप, कितीदा शिंकली. दर महिन्याच्या एक तारखेला तिला कागदावर उभी करून पेन्सिलीनं पावलाची रेघ काढायचे आणि त्यावर तिचे बूट ठेवून पाहायचे. अंगठ्यापुढे माझ्या बोटाची रुंदी राहिलीच पाहिजे. नाही राहिली, तर त्याच संध्याकाळी नवे बूट.

"पोरीच्या पायांचा सातबारा ठेवलायस तू," असं माई म्हणायच्या.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. चपलांच्या बाबतीत त्या माझ्याहून काटेकोर होत्या. रविवारी सकाळी बाल्कनीत रद्दी पसरायची आणि ठेवणीतल्या सगळ्या चपला ओळीनं मांडायच्या. आधी मऊ ब्रश, मग पिळलेलं फडकं, मग चामड्याला एरंडेलाचं एक बोट. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, म्हणजे आकार राहतो. आणि हे सगळं सावलीत. मी एकदा त्यांच्या चपला उन्हात सरकवल्या, तर म्हणाल्या, "तोंड धुतल्यावर तू जाऊन शेगडीसमोर बसतेस का गं?"

जांभळ्या इरकलीवर काळी पट्ट्यांची. फिक्या साड्यांवर बदामी. पावसाळ्यात रबरी, पण तीही साडीच्या काठाला सोबत करणारी. पोस्टाच्या काउंटरमागे पाय कुणाला दिसतात, असं मी विचारलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, "मला दिसत होते ना." रोजची तपकिरी सँडल तेवढी त्या रविवारच्या रांगेत कधी नसायची. ती बिचारी दारात.

रोज संध्याकाळी साडेपाचला माई रेवाला घेऊन खाली जायच्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. रेवाचा हात धरून एकेक पायरी मोजत, "एक... दोन... तीन..." दोघींचा आवाज जिन्यातून खाली खाली जायचा आणि चौतिसाला थांबायचा. मग बागेत, झोपाळ्यावर. सात वाजता तोच आवाज वर यायचा. तो दीड तास दिवसभरात माझा एकटीचा असायचा. मी चहा करायचे आणि बहुतेकदा गॅलरीतून त्या दोघींकडेच बघत बसायचे.

अडीच वर्षांची मुलगी चौतिसापर्यंत न अडखळता मोजते, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. "माईंनी शिकवलं," असंही सांगायचे. माई नुसत्या हसायच्या.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी दोघी वर आल्या, तेव्हा माईंच्या एकाच पायात सँडल होती.

"माई, चप्पल!" रेवा टाळ्या पिटत म्हणाली. "माईची चप्पल पळाली!"

माईंनी खाली पाहिलं. मग हसल्या. "अगो बाई. खरंच की."

सँडल पहिल्या मजल्याच्या वळणावर पडली होती. मी ती उचलून आणली. म्हणजे माई सतरा पायऱ्या एका अनवाणी पायानं चढून आल्या होत्या, आणि हातात रेवाचा हात होता. माझ्या डोळ्यांसमोर लगेच काय काय आलं ते सांगत नाही. ज्यांना लहान मूल आहे त्यांना कळेल.

"सैल झालीय," माई म्हणाल्या.

"उद्या नवीन आणू."

"अगं, बक्कल बदलून आणलंस ना परवाच?"

"नको ती. चांगली आणू. मागून पट्टा असलेली, तळ न घसरणारा, मऊ."

मी हे त्यांच्यासाठी म्हणते आहे, असंच मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी चावडी चौकाजवळच्या दुकानात गेलो. दुकानदारानं फोमचे क्लॉग काढले. पुढून बंद, वर भोकं, मागे फिरता पट्टा. हलके, धुता येणारे. माईंनी एक हातात घेऊन उलटासुलटा केला.

"ही इडलीपात्रं घालून मी देवळात जाऊ?"

"मावशी, सगळ्या डॉक्टरीणबाई हेच घालतात," दुकानदार म्हणाला.

"त्या साडी नेसत असतील तर विचारून ये, कशावर शोभतं ते."

शेवटी राखाडी-निळा रंग पसंत पडला. "माझ्या दोन साड्यांना चालेल. उरलेल्यांनी डोळे मिटावेत." दुकानदारानं सहा नंबर दिला. माई चार पावलं चालल्या आणि थांबल्या.

"सैल आहे."

"सैल?" मी वाकून पाहिलं. टाच बरोबर बसली होती, बोटांपुढे जागा होती. रेवाचा बूट असता तर मी डोळे मिटून घेतला असता.

"पायात आहे असं वाटतच नाही. पाच दाखवा हो."

पाच नंबर चढवायला दुकानदाराला जोर लावावा लागला. माई पुन्हा चालल्या. चेहरा खुलला. "हां. आता कसं, पायात काहीतरी आहे असं वाटतं."

मी सवयीनं पुढून अंगठ्यानं दाबलं. आत बोटं भिंतीला टेकली होती. करंगळीच्या बाजूला फोम फुगून आला होता.

"माई, बोटं टेकतायत. लागत नाही?"

"छे. मुळीच नाही."

"नक्की?"

"शलाका, पाय माझे आहेत की तुझे?"

दुकानदार हसला. मीही हसले. शिवाय मला वाटलं, घट्ट आहे तर चांगलंच आहे. जिन्यात निसटणार नाही. मी मागचा पट्टा ओढून पाहिला, पक्का होता. पाच नंबर घेतला. रेवाच्या बुटाला जे मी कधीच चालवून घेतलं नसतं, ते माईंच्या पायाला चालवून घेतलं.

तीन आठवडे सगळं छान चाललं. माई ते क्लॉग रोज संध्याकाळी नळाखाली धुवायच्या, भोकं दात घासायच्या जुन्या ब्रशनं घासायच्या आणि दारात पालथे घालून ठेवायच्या. शेजारच्या बाईंनी विचारलं तर, "सुनेनं घेतलीत. दिसतात कशीही, पण पायाला कापूस." मला हे ऐकून बरं वाटायचं.

मग एक तारीख आली.

दुपारची वेळ. रेवाची झोप झालेली, माई खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या. मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून जमिनीवर ठेवलं आणि रेवाला त्यावर उभी केली. पेन्सिल बोटांच्या मधून फिरली की ती दरवेळी खिदळते, पाय उचलते, रेघ वाकडी होते. त्या दिवशीही झाली.

"आता माईचं," रेवा म्हणाली.

"माईंचे पाय वाढत नाहीत, बेटा."

"माईचं पण काढ!"

"काढ गं," माई म्हणाल्या. "होऊ दे माझ्याही नावावर एखादा सातबारा."

त्या उठून कागदावर उभ्या राहिल्या, एक हात खुर्चीवर. मी टाचेपासून पेन्सिल फिरवली. आतली कड, अंगठा. मग एकेका बोटाच्या मधून. रेवा गुडघ्यावर बसून माईंच्या चेहऱ्याकडे बघत होती, आता हसतील, आता हसतील म्हणून. माई समोरच्या भिंतीकडे बघत उभ्या होत्या.

"माई, गुदगुल्या!" रेवानं आठवण करून दिली.

"हो, हो," माई म्हणाल्या आणि हसल्या.

पण तेव्हा पेन्सिल माझ्या हातात होती आणि कागदापासून वीतभर वर होती.

 करंगळीच्या बोटाकडून रेघ पूर्ण केली. "उचला पाय," म्हटलं. त्यांनी पाय उचलला. कागदावर, करंगळीच्या जागी, रुपयाएवढा ओला डाग होता. पिवळट, कडेला तांबूस.

रेवानं तोवर दारातून माईंचा एक क्लॉग आणून त्या चित्रावर ठेवला, मी तिच्या बुटांचं करते तसं. रेघ चारही बाजूंनी बाहेर राहिली.

"बसत नाही," रेवा म्हणाली.

"माई, खुर्चीत बसा. पाय इकडे द्या."

"कशाला?"

"द्या तर."

"काहीतरीच काय. सुनेच्या मांडीवर पाय?"

मी जमिनीवर बसून तो पाय मांडीवर ओढून घेतला. दर सणाला, प्रत्येक वाढदिवसाला मी या पावलांना हात लावला होता. वरून. तळवा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. चवड्यावर एक जुना, काळा, कडक झालेला ठिपका होता. आणि करंगळीच्या खालच्या अंगाला जखम. वरवरची नव्हे. इतकी खोल की मी रेवाला म्हणाले, "जा, बाहुली घेऊन ये आतून," आणि ती जाईपर्यंत तिच्यावर माझा तळहात झाकून धरला.

"माई, हे दुखत नाही?"

"काय आहे तिथे?" त्यांनी विचारलं.

माईंना चौदा वर्षांपासून साखर होती. गोळ्या वेळेवर, गोड बंद, वर्षाला एकदा तपासणी. सगळं नीट चाललंय अशी आमची समजूत. त्याच संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. ताठ नायलॉनचा एक धागा घेतला आणि म्हणाले, "पायाला लावला की 'लागला' म्हणायचं."

धागा अंगठ्याला टेकला, वाकला. चवड्याला टेकला. टाचेला. मी बघत होते. निनाद बघत होता. 

माई डोळे मिटून वाट बघत होत्या. मग म्हणाल्या, "लावा ना, डॉक्टर."

निनाद उठून बाहेर गेला.

डॉक्टर शांतपणे सांगत गेले. पायातली संवेदना गेली की माणसाला मापाची चप्पल सैल वाटते, घट्ट असली तरच पायात काही आहे असं जाणवतं. असे पेशंट नेहमी एक नंबर लहान घेतात. सोबतच्या माणसानं ते बघायचं असतं. ही शेवटची गोष्ट ते माझ्याकडे न बघता बोलले, पण खोलीत सोबतचं दुसरं माणूस नव्हतं.

जंतू हाडापर्यंत गेले होते. करंगळी काढावी लागेल, पाय वाचेल असं वाटतंय, दोन दिवसांत नक्की सांगतो. मी त्या जंतूंची नावं पाठ केलेली मुलगी. परीक्षेत मला त्यांवर चांगले गुण मिळाले होते.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मी त्यांच्याजवळ एकटी होते. त्या खिडकीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"माई, केव्हापासून कळत नाही?"

 

"रेवा चालायला लागली त्याच सुमारास. आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्याही गेल्या. मला वाटलं बरं झालं."

"मग एवढं दीड वर्षं... सांगितलं का नाही?"

त्यांनी मान वळवली. रागावलेल्या नव्हत्या.

"सांगितलं असतं, तर तू रेवाला माझ्याबरोबर खाली पाठवलं असतंस?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं.

"खरं सांग," माई म्हणाल्या.

मी तोंड मिटलं.

"तीस वर्षं लोकांच्या पत्रांवर शिक्के मारले," त्या म्हणाल्या. "निनाद लहान होता तेव्हा तो पाळणाघरात. माझ्या वाट्याला हे एकच आलं बघ. साडेपाच ते सात. ते सोडायचं नव्हतं मला."

"पण जिना, माई. तुम्ही तिला घेऊन जिना कशा उतरायचात?"

"बघून." त्या किंचित हसल्या. "एकेका पायरीवर पाय टेकलेला डोळ्यांनी बघायचा, मग पुढचा टाकायचा. मोजत मोजत. एक चुकली तर कळायला हवं ना. कधी तोल गेलाच तर तिचा हात आधी सोडायचा, असंही ठरवून ठेवलं होतं."

चौतीस. मी ज्याचं कौतुक गावभर सांगितलं ते.

मला रडू आलं नाही. मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली, आणि ती सारखी केल्याचं त्यांना कळलं नाही.

करंगळी गेली, पाय राहिला. माई घरी आल्या तेव्हा कारखान्याच्या दोन माणसांनी खुर्चीवरून वर आणलं. जखम भरायला अडीच महिने लागले. डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली, त्या दिवशी मी मंडईत गेले. सातपुते काकांसमोर कॅलेंडरचं ते पान ठेवलं. डाग तसाच होता. त्यांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बघितलं तळवं?"

"उशिरा बघितलं, काका."

त्यांनी पानावर बोट फिरवलं, पायाची रुंदी वितीनं मोजली आणि म्हणाले, "बेस्तरवारी या."

गुरुवारी सँडल तयार होती. तळाला जाड मऊ थर, तिन्ही पट्टे सैल-घट्ट करता येणारे. आतून एकही शिवण पायाला लागेल अशी नव्हती. "खिळा एक बी न्हाई," काका म्हणाले. "समदं चिकटवलंय. पर रोज घालायच्या आधी आत हात फिरवायचा. खडा, काटा, कायबी. त्यास्नी सांगू नका, तुमी फिरवा." रंग बदामी होता. मी न सांगता त्यांनी तो कसा निवडला, देव जाणे. माईंनी सँडल हातात घेतली आणि पहिलं वाक्य बोलल्या, "ही फिक्या साड्यांवर जाईल."

त्या संध्याकाळी साडेपाच वाजले. माई सँडल घालून खुर्चीत बसून राहिल्या. रेवाकडे बघत होत्या, पण तिला हाक मारली नाही. माझ्याकडेही पाहिलं नाही. रेवा बूट घेऊन दोघींच्या मधे उभी.

 मी माईंच्या पायातली सँडल काढून आत बोटं फिरवली, ती परत चढवून पट्टे तपासले. मग रेवाचा हात उचलून माईंच्या हातात दिला.

"कठड्याकडून तुम्ही," मी म्हणाले. "मधे ही. मी एक पायरी पुढे."

"आणि मोजायचं कुणी?" माईंनी विचारलं.

"मी!" रेवा म्हणाली.

आता रेवा आठ वर्षांची आहे. रोज रात्री जेवण झालं की माईंचा पाय तिच्या मांडीवर असतो, हातात छोटा आरसा. बोटांच्या मधे बघते, टाच बघते, जुन्या ठिपक्यापाशी थांबते आणि "ओके, माई," म्हणते. माई अजूनही म्हणतात, "नातीच्या मांडीवर पाय, काय दिवस आले." पण पाय स्वतःहून देतात.

तुमच्या घरीही असं कुणीतरी असेल, ज्यांना साखर आहे, ज्यांची चप्पल हल्ली वाटेत निसटते, ज्यांना मापाची चप्पल सैल वाटायला लागली आहे. हे वाचून झालं की उठा. दारातल्या त्यांच्या चपलेत हात घालून बघा. मग जमिनीवर बसा, पाय मांडीवर घ्या आणि तळवा उजेडात धरा. नको नको म्हणतील, ऐकू नका.

आणि लागतंय का, असं विचारू नका. नाही म्हणतील. ते खोटं बोलत नसतील.